पहिलं महायुद्ध मूळ कागदपत्रांतून शिकवणं हे फॅड नाहीये

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, की शाळेत पहिलं महायुद्ध शिकवताना सैनिकांची पत्रं, तारा वगैरे मुलांपुढे ठेवणं म्हणजे नुसतं फॅड. पत्रं सेन्सॉर झालेली म्हणून खोटी, मुलांना त्यातलं काही कळत नाही, एकेकट्या सैनिकाचं दुःख वाचून युद्धाची कारणं समजत नाहीत, आणि एवढा वेळ आहे कुणाकडे. मी इतिहास शिकवते, हे वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितेय.

सेन्सॉरचंच आधी घेते. पत्रं सेन्सॉर व्हायची हे शंभर टक्के खरं, पण म्हणून ती टाकाऊ कशी झाली? ब्रिटिश सैन्याचं छापील फील्ड पोस्टकार्ड बघा. त्यावर वाक्यं आधीच छापलेली असायची, मी अगदी बरा आहे, मला हॉस्पिटलात दाखल केलंय, तुमचं पत्र मिळालं, बरेच दिवसांत तुमचं पत्र नाही, अशी. सैनिकाने नको असलेली खोडायची, तारीख टाकायची, सही करायची, बास. जास्तीचं काही लिहिलं तर कार्ड नष्ट केलं जाईल हेही त्यावरच छापलेलं. आता हे कार्ड मुलांच्या हातात द्या आणि विचारा, यात 'मला भीती वाटतेय' असं वाक्य का नाही? घरच्यांना हे कार्ड मिळाल्यावर नेमकं काय कळलं असेल आणि काय नसेल? 'सैनिकांचे अतोनात हाल झाले' या पुस्तकातल्या एका ओळीवर अशी चर्चा उभीच राहत नाही.

फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांच्या पत्रांसाठी तर वेगळं सेन्सॉर ऑफिस होतं. त्यांनी पत्रांतले उतारे इंग्रजीत करून रिपोर्टला जोडले म्हणूनच आज ते वाचायला मिळतात, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बऱ्याच जणांना लिहिता यायचं नाही, दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, म्हणजे मनातलं बोलताना समोर एक माणूस बसलेला आणि पुढे सेन्सॉर आहे हेही माहीत. मग एकजण घरी कळवतो की काळी मिरी संपली, आता लाल मिरची वापरतायत. काळी म्हणजे आपले सैनिक, लाल म्हणजे गोरे. हे खोटं पत्र आहे का? उलट सेन्सॉर होता म्हणूनच माणसाला असं लिहावं लागलं, हे मुलांना लगेच कळतं.

तेव्हा 'मुलांना कळत नाही' याचं उत्तरही इथेच आलं. अख्खी फाइल द्यायचीच नाही, एक पान द्यायचं, कुणी लिहिलं, कुणाला, कधी, आणि मधे कोण वाचणार होतं एवढं विचारायचं.

कारणांचा मुद्दा थोडा मान्य आहे, खंदकातल्या पत्रातून युद्ध का पेटलं ते कळणार नाही. पण मग त्यासाठी दुसरे कागद आहेत ना! जर्मनीचा कैसर विल्हेल्म आणि रशियाचा झार निकोलस नात्यातले, जुलै १९१४ च्या शेवटी एकमेकांना इंग्रजीत तारा करतायत, खाली सह्या विली आणि निकी. झार म्हणतो तुमच्या मित्राला, म्हणजे ऑस्ट्रियाला, आवरा, कैसर म्हणतो तुमची लष्करी तयारी थांबवा, आणि १ ऑगस्टला जर्मनी रशियाविरुद्ध युद्ध पुकारते. दोघंही शांततेचं बोलत होते तर सैन्य का थांबलं नाही, इथून लामबंदीची, म्हणजे सैन्याच्या जमवाजमवीची, वेळापत्रकं, युती, ऑस्ट्रिया-सर्बिया सगळं शिकवता येतं आणि मुलं स्वतःहून विचारतात.

आणि पुस्तक फेकून द्या असं कुणी म्हणतच नाहीये. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले, त्यात १९,२४० मेले, हा आकडा त्या दिवशी खंदकात असलेल्या कुणालाच माहीत नव्हता. तो पुस्तकातूनच यायला हवा.

राहिला वेळ. एका तासिकेला एक कागद पुरतो. जर्मनीचा परराष्ट्रमंत्री झिमरमन याची तार घ्या, अमेरिका युद्धात उतरली तर आमच्या बाजूने या असं जर्मनी मेक्सिकोला सुचवतेय. १ मार्च १९१७ ला ती अमेरिकन पेपरात छापून आली तेव्हा अनेकांना ती बनावट वाटली. मुलांना तार द्या, खरी की खोटी ते कसं ठरवाल विचारा, पंधरा-वीस मिनिटं भांडू द्या, आणि मग सांगा की ३ मार्चला खुद्द झिमरमननेच ती आपली असल्याचं कबूल केलं.