गुलाबी बिया भाजून खाऊ नका, आणि पुण्यात हिमाची वाट पाहू नका

'खिडकीतच करा भाजीची रोपं! नर्सरीवाले कधीच सांगणार नाहीत अशी ७ गुपितं' हा मेसेज सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मी वाचून सोडून देत होते. मग तो कोथरूडच्या मावशीकडे पोचला आणि तिचा फोन आला, "अगं, भोपळ्याच्या उरलेल्या बिया तुपावर परतायच्या की नुसत्या भाजायच्या?" तिच्या घरात चार वर्षांचा नातू आहे. म्हणून हे लिहिणं आलं.

सुरुवात सहाव्या गुपितापासूनच करते, कारण बाकीच्यांनी फार तर रोपं मरतील. त्यात म्हटलंय: पाकिटातल्या बियांवरचा गुलाबी किंवा हिरवा रंग म्हणजे जीवनसत्त्वांचा लेप. बिया रात्रभर भिजवा, ते पाणी कुंड्यांना घाला, आणि उरलेल्या बिया धुऊन, भाजून खा.

जीवनसत्त्वं कसली? तो बुरशीनाशकाचा लेप आहे. जास्त करून थायरम, कधी कॅप्टन. रंग मुद्दाम मिसळतात, पेरायचं बियाणं आणि खायचा दाणा नजरेलाच वेगळा कळावा म्हणून. १९६८ च्या बियाणे नियमांनुसार प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या लेबलवर तसं छापावं लागतं. रसायन अपायकारक असेल तर हे बियाणं खाण्यासाठी, जनावरांना चारण्यासाठी किंवा तेल काढण्यासाठी वापरू नका, हेही लिहावं लागतं. पाकीट उलटं करून वाचायला अर्धं मिनिट लागतं. मेसेज पुढे पाठवायला त्याहून कमी लागतं, हीच अडचण.

'पण धुतल्यावर रंग जातोच की,' असं मावशी म्हणाली. रंग जातो, औषध गेलंच असं नाही. हा समज किती महाग पडू शकतो ते इराकने भोगलंय. १९७१ च्या अखेरीस तिथे पेरणीसाठी परदेशातून गहू आणि बार्ली आली. बियाण्याला पाऱ्याचं औषध लावलेलं, ओळखू यावं म्हणून रंगवलेलं, आणि पोत्यांवरच्या सूचना परक्या भाषेत. खेड्यापाड्यांतल्या लोकांनी गहू धुतला, रंग उतरला, म्हणजे विषही उतरलं असं समजून त्याच्या भाकऱ्या केल्या. त्रास लगेच झालाच नाही, काही आठवड्यांनी सुरू झाला, तोवर खाणं चालूच होतं. ६,५३० माणसं दवाखान्यात दाखल झाली आणि त्यांतली ४५९ गेली. १९७३ साली 'सायन्स' नियतकालिकात हे सगळं आकड्यांसकट छापून आलं आहे.

आता कोणीतरी म्हणेलच, तो पारा होता, थायरम म्हणजे पारा नव्हे. मान्य. थायरम त्या तोडीचं जहाल नाही. म्हणून ते तुपावर परतायचं का? शिवाय भिजवून लेप उतरवलात तर ज्या बुरशीपासून कोंब वाचावा म्हणून तो लावला होता, तिचंच फावणार. भोपळ्याच्या बिया खायच्याच असतील तर मंडईतून भोपळा आणा, भाजी करा आणि त्यातल्या बिया वाळवा. मेथी, धने, मोहरी तर स्वयंपाकघरातल्या डब्यातलीच पेरता येते. रंगीत बियांना हात लागला की साबणाने धुवा आणि पाकीट मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

बाकीची गुपितं कुठून उचललीत ते पहिल्यातच कळतं: 'शेवटचं हिम पडण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी घरात बी पेरा.' पुण्यात? शिवाजीनगरला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश, तेही जानेवारी १९३५ मधलं. ज्या थंड देशांत वसंतापर्यंत जमीन गोठलेली असते आणि उन्हाळा हातात जेमतेम चार महिने येतो, तिथे खिडकीत रोपं करणं ही गरज असते. आपल्याकडे गॅलरीत प्रोट्रे, म्हणजे रोपं करायचा खणाखणांचा ट्रे, ठेवला की काम झालं. खिडकीचा उपयोग शून्य आहे असं मात्र म्हणणार नाही. जुलैच्या झडीत कोवळी रोपं आडवी होतात, तेव्हा आडोसा लागतोच. डिसेंबरात मिरचीचं बी बाहेरच्या गारठ्यात रुसून बसतं. त्याला पंचवीस-तीस अंशांची ऊब हवी असते, ती घरात जास्त मिळते. एवढं श्रेय देते.

दुसरं गुपित, 'खिडकी दक्षिणेचीच हवी', हेही तिकडचंच. पुणं साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेकडून जातो. शून्य सावलीचे दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो ते, याच काळाच्या दोन टोकांना येतात. म्हणजे ऐन पावसाळी भाजीची रोपं करायच्या वेळी दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही. दिवाळीनंतर ती खिडकी उत्तम, पण समोर दुसरी बिल्डिंग नसेल तर. वर्षभराचा विचार केला तर मी पूर्वेची गॅलरी निवडेन.

तिसरं: ट्रे आठ दिवस बंद कपाटात ठेवा, रोपं 'दुप्पट जोमाने' वाढतात. वाढतात, उंच. बी रुजेपर्यंत टोमॅटोला अंधार चालतो, हे अर्धं खरं. कोंब वर आला की मात्र उजेड त्याच दिवशी हवा. नाहीतर बीमधला साठा देठ लांबवण्यातच संपतो आणि पिवळट, दोऱ्यासारखं रोप हाती येतं. टोमॅटोचं असं रोप पानांपर्यंत मातीत पुरून वाचवता येतं, कारण त्याच्या देठाला मुळं फुटतात. मिरचीच्या बाबतीत त्या भरवशावर राहू नका.

चौथ्या-पाचव्या गुपितांत सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी घाला, अंड्याच्या कवचात बी लावा, गाजर-मुळ्याचीही रोपं करा असं आहे. एवढं पाणी घातलंत तर रोपं बुडाशी कुजून कोलमडतील. वरचा कोकोपीट (ट्रेमध्ये भरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा) कोरडा दिसू लागला की द्या, तेही ट्रेच्या खालून. अंड्याच्या कवचात बी लावायला हरकत नाही, फोटो छान येतो. पण मिरचीचं रोप लावणीला यायला पाच-सहा आठवडे लागतात, तेवढे दिवस त्यात मुळांना जागा पुरत नाही. आणि गाजर-मुळ्याची रोपं करून कोणी लावत नाही हो. मूळ दुखावलं की गाजराला फाटे फुटतात. थेट खोल कुंडीत पेरा आणि मग विरळणी करा.

सातवं गुपित हा मेसेज अकरा जणांना पाठवण्याचं आहे. ज्यांनी पाठवलाय त्यांनी त्या अकराही जणांना आज फोन करून बियांचं तेवढं सांगा.