फोल्डरच्या यादीविषयीच्या आपल्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फोल्डरमधल्या फायलींची यादी करण्यासाठी मी दिलेली पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली तीसेक ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, हा विनाकारण खटाटोप आहे, विंडोजमध्ये फायलींची यादी दाखवणारी 'डिर' ही कमांड देऊन तिचे आउटपुट टेक्स्ट फायलीत वळवले की तेच काम एका ओळीत होते, शिवाय माझ्या यादीतल्या तारखाही चुकतात, असे आपण लिहिले आहे. तारखांबाबत आपले म्हणणे रास्त आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

फायलीचे वय मी 'निर्मितीच्या तारखे'वरून ठरवले, ही माझी चूकच झाली. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की नव्या प्रतीला निर्मितीची तारीख त्या दिवसाची मिळते, शेवटच्या बदलाची तारीख मात्र जुनीच राहते. त्यामुळे २०१४ साली स्कॅन केलेले पान आज नव्या डिस्कवर आणले, तर ते आजच तयार झाले अशी नोंद यादीत येते. लिनक्सवर फायलीसोबत नोंदली जाणारी 'सीटाइम' ही निर्मितीची वेळ नव्हेच, कारण फायलीच्या परवानग्या बदलल्या तरी ती बदलते. स्क्रिप्टमध्ये आता शेवटच्या बदलाची तारीख घेतली आहे आणि ती वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिली आहे, म्हणजे रकाना साध्या पद्धतीने चढत्या क्रमाने लावला तरी क्रम बिघडत नाही.

एका ओळीचा मुद्दा मात्र मला पटत नाही. ही यादी मी आमच्या घरच्या जुन्या कागदांच्या स्कॅनसाठी करतो आणि त्या फायलींची नावे मराठीत आहेत. विंडोजच्या नेहमीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टंकण्याच्या खिडकीत) कोडपेज, म्हणजे अक्षरांचा संच, ६५००१ (यूटीएफ-८) केल्याशिवाय 'डिर' वळवून पाहा: देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. विंडोजच्याच पॉवरशेल ५.१ या दुसऱ्या कमांड-साधनातून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली टेक्स्ट फाइल) काढतानाही एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर तीच गत होते.

त्याहून अवघड गोष्ट 'कऱ्हाड' या एका शब्दाने मला शिकवली. बहिणीने फोनवर टंकलेली नोंदवही आणि स्क्रिप्टची यादी ताडून पाहताना हे नाव एकीकडे गहाळ आणि दुसरीकडे जादा दिसत होते, डोळ्यांना मात्र दोन्ही नावे हुबेहूब सारखी होती. कारण हा अर्धा र निरनिराळ्या तऱ्हांनी साठवता येतो: 'ऱ' हे तयार अक्षर घेऊन, र नंतर नुक्ता (अक्षराखालचा टिंब) देऊन, किंवा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय मानकातल्या एनएफसी प्रमाणीकरणाने (एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एका ठरावीक रूपात आणण्याच्या पद्धतीने) पहिल्या दोन तऱ्हा एकरूप होतात. तिसरी होत नाही, ती स्वतः बदलून घ्यावी लागते. माझ्या तीस ओळींपैकी सहा केवळ यासाठी आहेत आणि त्या मी काढणार नाही. मूळ नाव जसेच्या तसे एका रकान्यात राहते, ताडण्यापुरते प्रमाणित नाव शेजारच्या रकान्यात येते.

आपल्या फोल्डरमधली सगळी नावे इंग्रजीत असतील, तर आपली एक ओळ खुशाल वापरावी. एकही नाव मराठीत असेल, तर यादी उघडून ते नाव आधी नीट वाचून पाहावे, ही विनंती.