‘एका रात्रीत कफ गायब’ वाल्या मेसेजला उत्तर: बाळाच्या नाकात कापूर घालू नका

सांगली-साताऱ्याकडच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. "लहान मुलांचा खोकला-कफ एका रात्रीत गायब, १०० टक्के नैसर्गिक, साईड इफेक्ट शून्य, डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत." तुम्हालाही आला असणार. मी असले मेसेज वाचत नाही, वर सरकवते आणि मोकळी होते. पण पलूसला दिलेल्या माझ्या चुलतबहिणीचं बाळ अजून वर्षाचं पण नाही, आणि तिचा फोन आला, "ताई, त्यात लिहिलाय तो भीमसेनी कापूर सांगलीत कुठं मिळंल गं?" मग म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

मेसेजमधले उपाय थोडक्यात असे. सहा महिन्यांपुढच्या बाळाला मध-तुळस-आल्याचं चाटण. खोबरेल तेलात कापूर विरघळवून छातीला चोळायचा आणि त्याचेच दोन-दोन थेंब नाकात. गारठा जास्त असेल तर ब्रँडीचे थेंब. संध्याकाळी धुरी, झोपताना हळदीचं दूध, आणि दूध-केळी-दही एकदम बंद. (हो, हळदीचं दूध द्या पण आहे आणि दूध बंद पण आहे, पुढं पाठवताना वाचतंय कोण.) शेवटी ठळक अक्षरात "सिरप म्हणजे विष".

कापरापासून सुरू करते, कारण माझं डोकं तिथंच फिरलं. कापूर आरतीला लागतो म्हणून तो बाळाला चालेल असं नसतं ओ. नाकातोंडाच्या आतल्या ओल्या त्वचेतून तो फटकन रक्तात जातो आणि थेट मेंदूवर काम करतो, लहान मुलाला काही मिनिटांत आकडी येऊ शकते, आणि त्याच्यावर उतारा म्हणून कुठलंच औषध नाही, डॉक्टर आकडी थांबवायची धडपड करतात तेवढंच. कापराचं तेल चमचाभर पोटात गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून कापराचं तेल विकायलाच बंदी आहे आणि मलमात ११ टक्क्यांच्या वर कापूर चालत नाही, तरी २००९ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या मासिकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या तीन लहान मुलांना घरच्या कापरामुळे आकड्या आल्याची माहिती छापून आली होती. आपल्याकडं तर किराणा दुकानात सुट्टा मिळतो. सर्दीच्या बामची डबी उलटी करून बघा, दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका असं बारीक अक्षरात असतं, आणि त्यात कापूर थोडाच असतो. आणि "भीमसेनी आहे, झाडाचा आहे" म्हणणाऱ्यांनी सांगा, धोतरा पण बांधावरच उगवतो, देता का चाटण करून?

आणि कापूर सोडा, नुसतं तेल तरी नाकात कशाला? बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या मावशी काय करतात बघितलंय ना, करंगळी तेलात बुडवून नाकपुडीत सोडायची आणि वर फुंकर मारायची, बाळ हंबरडा फोडतं, आणि रडणारं पोर दम आत ओढणारच, मग ते तेल जाणार कुठं. पाणी श्वासनळीत गेलं तर जोरात ठसका लागतो आणि बाहेर येतं, तेलाला तसा ठसकाही लागत नाही, ते गपचूप फुप्फुसात उतरतं आणि तिथंच बसतं. त्यातनं जो न्यूमोनिया होतो त्याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात, तो जंतूंमुळं नसतो त्यामुळं अँटिबायोटिकनं हलत नाही. आणि घरच्यांना वाटतं पोराला कफ लय झालाय, अजून दोन थेंब घाला!

आता मध. आपल्या महाबळेश्वराचा मध, मांघर तर २०२२ पासून मधाचं गाव म्हणून जाहीर झालंय, त्यामुळं इथं मधाविरुद्ध बोललं की लोकांना राग येतो. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही म्हणजे नाही, चाटण नाही, बोटाला लावून नाही, बारशाला नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या रुजतात आणि तिथं विष तयार करतात. आधी बाळाची शी थांबते, मग रडणं बारीक होतं, दूध ओढायची ताकद जाते, मान टाकतं, पुढं श्वासाचे स्नायूच काम करेनात अशी वेळ येते. "आमचा शुद्ध आहे, पोळ्यातनं समोर काढलाय" हे उत्तर मला तयारच मिळणार, पण हे बीजाणू भेसळीतनं येत नाहीत, माती-धुळीतनं येतात, शुद्ध मधात पण असतात आणि घरी उकळून मरत नाहीत. आजार दुर्मिळ आहे, मान्य. म्हणून आजीनं दहा नातवंडांना चाटवला आणि काही झालं नाही हे खरं असू शकतं, पण आपल्याच पोरावर कशाला बघायचं?

बाळ वर्षाचं झालं की मात्र मध चालतो, आणि खोकल्याला बऱ्यापैकी चालतो. कॉक्रेन म्हणून संस्था आहे जी सगळे अभ्यास एकत्र तपासते, त्यांच्या २०१८ च्या आढाव्यात काहीच न देण्यापेक्षा मध बरा निघाला. झोपताना अर्धा चमचा. एवढा एक उपाय मेसेजवाल्याला बरोबर जमला असता, वय चुकवलं.

सिरपचं म्हणाल तर इथं मेसेजवाल्याचं थोडं ऐकावं लागतं, नाइलाज आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं कोल्ड्रिफ सिरपनं २० पेक्षा जास्त मुलं किडन्या निकामी होऊन गेली, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के सापडलं, जे ०.१ टक्क्याच्या वर असायलाच नको. त्यानंतर ३ ऑक्टोबरला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं राज्यांना स्पष्ट कळवलं, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहून द्यायची नाहीत आणि विकायची पण नाहीत, पाच वर्षांखाली सुद्धा शक्यतो नकोत. त्यामुळं मेडिकलमध्ये जाऊन "पोराला खोकल्याचं काहीतरी द्या" हे बंदच करा. पण त्याच पत्रात पुढं हेही आहे की मुलांचा असा खोकला बहुतेक वेळा औषधाविना आपला आपण जातो, आणि आधी भरपूर पातळ पाजणं, विश्रांती, आधार देणारी काळजी एवढंच करायचं. सिरप नको म्हणजे कापूर घाला असं कुणी म्हटलेलं नाही!

बाकीचं पटापट. ब्रँडी म्हणजे दारू, तान्ह्या बाळाची रक्तातली साखर त्यानं धाडकन खाली येते, "थेंबभरच" म्हणून काही सांगू नका. धुरी: डिसेंबरात आधीच पाचट पेटवल्याचा धूर शिवारभर असतो, त्यात दारं-खिडक्या लावून शेगडीवर ओवा-वावडिंग-धूप टाकायचं आणि खोकणाऱ्या पोराला त्यावर धरायचं, याला काय म्हणावं. हळद आमच्या सांगलीची, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, तिला नावं ठेवणार नाही, वर्षावरच्या पोराला आवडत असेल तर कोमट दुधातनं द्या, घशाला बरं वाटतं इतकंच. दूध-केळीनं कफ होत नाही, आजारी पोर आधीच धड खात नाही त्याचं अजून तोडू नका. अंगावरचं दूध तर अजिबात थांबवायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. नाक चोंदलं असेल तर मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे साधे ड्रॉप्स मिळतात ते घाला.

आणि "आमच्यात गुण आला" म्हणणाऱ्यांसाठी: साध्या सर्दीतला खोकला निम्म्या मुलांचा दहाएक दिवसांत जातो, पण १० पैकी ९ मुलं बरी व्हायला २५ दिवस पण लागतात. तोपर्यंत घरात सगळे उपाय करून झालेले असतात, शेवटचा जो केला त्याला श्रेय मिळतं.

बहिणीला मी कापराऐवजी श्वास मोजायला शिकवलं, जे आशाताई घरोघरी करतात तेच. पोर शांत असताना, झोपलेलं असलं तर उत्तम, अंगडं वर करायचं, मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावायचं आणि पोट किती वेळा वर येतंय ते मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर आकडा कितीही असू दे, खोकला आला की दाखवून आणायचंच. श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, दूध ओढत नसेल किंवा उठवून पण जागं होत नसेल तर सकाळची वाट बघत बसू नका, आणि जतच्या टोकाला गाडी मिळत नसेल तर १०८ लावा, पैसे लागत नाहीत.