दोन मॅची हायेत, काका

वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलची फायनल, सातपैकी चार मॅची जिंकेल तो राजा. २०२५ ला ती डॉजर्स आणि टोरांटो ब्लू जेज यांच्यात होती. तिची सहावी मॅच आपल्याकडच्या वेळेनं १ नोव्हेंबरला, शनिवारी पहाटे साडेपाचला होती. नेमका त्याच पहाटे आमच्या वावरात हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, आला. आता हडंब्यावाल्याला कोण सांगणार की भाऊ, टोरांटोत मॅच आहे, दुपारून ये? पावसानं सोयाबीनच्या गंज्या झाकून झाकून जीव गेला होता, अख्ख्या गावाची रांग लागलेली, त्यात आमचा नंबर आला. रविवारी पहाटे सातवी मॅच होती, तेव्हा मी सोयाबीनच्या पोत्यांची तोंडं शिवत बसलो होतो. फोन खिशात, डेटा बंद.

नवीन मित्रांसाठी सांगतो. मी दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत पीटी शिकवतो आणि मला बेसबॉलचं वेड आहे. हे वेड अमरावतीचं. बीपीएडला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात होतो. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेलं मंडळ, ज्याच्या चमूनं १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी करून दाखवली, तेच. तिथं मला सॉफ्टबॉल खेळायला लावला आणि पुढं त्याचा मोठा भाऊ गळ्यात पडला. आमच्या शाळेतल्या पोरी कुदळीच्या दांड्यानं रबरी चेंडू असा हाणतात की समोरच्या घराची कवेलू मोजावी लागतात. असो.

तर मॅच हुकली की आपलं एकच काम असतं, निकाल कानावर येऊ द्यायचा नाही. क्रिकेटचं हे आपल्याकडे अशक्य आहे. त्याच रविवारी रात्री आपल्या पोरींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला, दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून. शेफालीच्या ८७, दीप्तीचे ५ बळी. पावसानं मॅच उशिरा सुरू झाली तरी गाव जागं होतं. शेवटचा झेल हरमनप्रीतनं घेतला आणि दिवाळीत उरलेले सगळे सुतळी बॉम्ब त्या रात्री फुटले. तुम्ही मॅच पाहिली नसती, तरी गोठ्यातल्या बैलाच्या तोंडावरून निकाल कळला असता. मार्चमध्ये विदर्भानं रणजी जिंकली तेव्हा तर दळणाच्या चक्कीवर स्कोअर सांगत होते.

बेसबॉलचं मात्र सुख आहे. डॉजर्स जिंकले की ब्लू जेज, हे आमच्या गावात सरपंचालाही माहीत नसतं, तलाठ्यालाही नसतं. माझं गुपित मीच फोडलं तर फुटेल. कधी कधी बरं वाटत नाही म्हणा, कारण चांगली मॅच झाली तर सांगायलाही कोणी नसतं. पण निकाल जपायला यापरीस सुरक्षित जागा नाही.

धोका असतो तो फोनचाच. एमएलबीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉल लीगच्या, अॅपमध्ये स्कोअर लपवायची सोय आहे, ती मी चालू ठेवतो. पण एक गोष्ट ते अॅप लपवत नाही, ती म्हणजे व्हिडिओची लांबी. खालच्या पट्टीवर चार तास दिसले की समजायचं, नऊ इनिंगमध्ये काही मिटलं नाही. म्हणून मी मेडिकलमधली पांढरी चिकटपट्टी आणून फोनच्या काचेवर, बरोबर त्या पट्टीच्या जागी लावतो. बायको म्हणते, फोनला काय लागलं?

सोमवारी संध्याकाळी वावरात जागलीला निघालो. तुरीत रोही (नीलगाई) शिरतात, कपाशीत डुकरं. घरात रेंज येत नाही, वावरात मात्र टॉवरची मस्त येते. स्क्रीनवर चुकून काही दिसू नये म्हणून पुतणीला म्हटलं, तूच अॅप उघड आणि मला मॅच लावून दे, मी तोंड फिरवून उभा राहतो. ती आठवीत आहे, तिला बेसबॉलचं ओ का ठो माहीत नाही, त्यामुळे माझा तिच्यावर पूर्ण भरवसा. मी धुऱ्याकडे तोंड करून उभा. मागून आवाज आला.

“काका, इथं दोन मॅची हायेत. कोनती लावू?”

झालं! पाच मॅचींनंतर टोरांटो ३-२ नं पुढं होता. सहावी त्यांनी जिंकली असती, तर सातवी झालीच नसती. दोन मॅची म्हणजे सहावी डॉजर्सनं जिंकली. दोन दिवस जीवापाड जपलेला निकाल पोरीनं चार शब्दांत देऊन टाकला, आणि वरून विचारते, “काका, तुमाले काऊन घाम आला?”

शेजारच्या वावरातले मामा तेवढ्यात बिडी पेटवायला आले. सत्तरीचे असतील. त्यांना म्हटलं, या, बसा. निकाल कळलाच होता, तरी म्हटलं, बघू.

आणि मला सांगा, कुठं काय बिघडलं? निकाल माहीत होता, कसा लागला ते कुठं माहीत होतं? शेवटच्या इनिंगमध्ये डॉजर्स ३-१ नं पुढं, टोरांटोचा एक गडी बेसवर. बार्जरनं असा हाणला की चेंडू भिंतीच्या बुडाशी जाऊन फसला. धावणारे दोघं पंचांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर थांबवले. मामा म्हणाले, “हे त आपल्या नालीवानी झालं. नालीत गेला की दोनच रन.” अगदी तसाच नियम आहे राजेहो, फक्त दोन रनांऐवजी दोन बेस! मी पोरांना हा नियम शिकवायला अर्धा तास घेतो. पुढं एक गडी बाद, आणि मग डावीकडे डॉजर्सच्या हेर्नांडेझनं पळत येऊन झेल घेतला, तसाच चेंडू दुसऱ्या बेसवर फेकला, बार्जर बेसवर परत पोचायच्या आधीच अडकला, मॅच खलास. दहा सेकंदांत दोन गडी.

माझा नागपूरचा एक मित्र आहे. तो म्हणतो, सोमवारी कामावर जाता जाता पाच मिनिटांचे हायलाइट बघायचे की संपलं, शिळी मॅच तीन-तीन तास कोण बघतं? त्याला माझं उत्तर असं की हायलाइट बघणं म्हणजे वेचणी न बघता थेट काट्यावरचं वजन बघणं. वजन खरंच असतं, खोटं नसतं. पण कोणत्या बाईनं किती ओळी धरल्या, कुठं बोंड ओलं निघालं, दुपारून पाठ कोणाची भरली, यातलं काट्यावर काहीच येत नाही. आणि बेसबॉल तर बहुतेक वेळ काही न होण्याचाच खेळ आहे. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, चेंडू चोळतो, कॅचरकडे बघतो, मान हलवतो, परत बघतो. हे सगळं कापून टाकलं तर उरतं काय? फटाके.

मंगळवारी रात्री मामा स्वतःच आले, सोबत भुईमुगाच्या शेंगा. “आज कोनती हाय?”

सातवी. याचा निकाल कोणी फोडला नव्हता. टोरांटोच्या बिशेटनं तिसऱ्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या ओहतानीला तीन रनांचा होमर हाणला, म्हणजे चेंडू थेट भिंतीपार. डॉजर्स मागे, मग हळूहळू जवळ. नवव्या इनिंगमध्ये एक गडी बाद असताना रोहासनं होमर मारला, ४-४. हा माणूस खरा फिल्डिंगचा, त्याच्याकडून होमरची कोणी वाटच बघत नव्हतं. मी ओरडलो तर बाजूच्या तुरीतून काहीतरी धडपडत पळालं. रोही असावा. म्हणजे जागलही झाली.

मग टोरांटोची पाळी. दोघं बेसवर, एकच बाद. आणि डॉजर्सनं पिचर बदलला. यामामोटो आला.

मामांनी शेंग फोडायची थांबवली. “थांब गा मास्तर. हा कालचाच ना?”

कालचाच होता, त्याच्या आदल्याच दिवसाचा. सहाव्या मॅचमध्ये ९६ चेंडू टाकले होते. असा पिचर एवढं टाकल्यावर चार-पाच दिवस हात वर करत नाही. हा दुसऱ्याच दिवशी परत उभा.

मामा म्हणाले, “काल दिवसभर वखराले होता अन् आज डवऱ्यालेही यालेच जुपला का? कोनी दुसरा नाही त्याइच्याकडं?”

मी गप्प बसलो. मी मामांना पिचरचा आराम, हाताचा ताण, यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त काल तो बघितला होता आणि आज बघितला. त्या मित्राला हायलाइटमध्ये यामामोटो दिसला असणार, नाव दिसलं असणार, हा माणूस दमलेला आहे हे त्याला दिसलं असेल का?

यामामोटोनं आल्या आल्या एकाला चेंडू लावला, तो फुकटात बेसवर, तिन्ही बेस भरले. मग जमिनीवरचा चेंडू रोहासकडे, तो घसरता घसरता सावरला आणि होमला फेकला. होमरही त्याचाच आणि हा फेकही त्याचाच. धावणारा इंचभरानं बाद. पंचांनी व्हिडिओ बघितला, तेवढ्या वेळात मामांची बिडी विझली. पुढचा चेंडू उंच, पाहेस धावत आला, हेर्नांडेझच्या अंगावर आदळला आणि तरी झेल हातात. अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथचा होमर, ५-४. शेवटी टोरांटोचा गडी तिसऱ्या बेसवर उभा असताना बेट्सनं दुसऱ्या बेसवर पाय ठेवून पहिल्यावर फेकलं आणि संपलं. यामामोटोनं त्या रात्री आणखी ३४ चेंडू टाकले. सिरीजमधला सर्वोत्तम खेळाडूही तोच.

चिकटपट्टी काढली तेव्हा काचेवर गोंदाचा डाग राहिला होता. मामा उठले, टॉवेल झटकला.

“उद्या कोनती हाय?”

“आता नाही मामा. आता एकदम मार्चच्या शेवटी.”

“बरं हाय,” मामा म्हणाले, “तवरिक हरभरा निंगते.”