म्हणे, कलाकार वेगळा, कला वेगळी!

सांगलीला गेलं की दाजी भडंगाची ताटली घेऊन 'द कॉस्बी शो' ही जुनी अमेरिकन विनोदी मालिका लावतात. वर दरवेळी तेच, "अगं, कलाकार वेगळा, कला वेगळी." कशी वेगळी? १९८४ ते १९९२ चाललेल्या त्या मालिकेतला लाडका बाप बाळंतपणं करणारा डॉक्टर, दवाखाना घराच्याच तळघरात. पेशंट बाई आत गेली की आता माझ्या पोटात गोळा येतो. तो बाप रंगवणाऱ्या बिल कॉस्बीवर पन्नासहून जास्त बायकांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले, कित्येकींनी गुंगीचं औषध दिल्याचं सांगितलं. २०१८ मध्ये दोषी ठरला, २०२१ मध्ये वरच्या कोर्टानं निकाल रद्द केला. "बघ, सुटला की!" अहो दाजी, तो कायद्याच्या मुद्द्यावर सुटला, त्या बायका खोट्या ठरल्या नाहीत! बाकीच्या नटांच्या कष्टांचं वाईट वाटतं, खरंच. पण मला हसू येत नाही म्हणजे नाही.