‘लाज वाटत नाही का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,
प्रेडर-विली सिंड्रोम या जन्मजात, भूक न भागणाऱ्या आजारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘फ्रिजला कुलूप लावायला सांगता, लाज वाटत नाही का? पोराला वेळीच वळण लावलं असतं तर ही वेळ आली नसती.’ शिवाय मी औषध कंपन्यांचा भाट, असंही. ते सोडून देतो; ज्या परिच्छेदात वाढीचं संप्रेरक (ग्रोथ हार्मोन) हे औषध सुचवलं, त्याच परिच्छेदात ते सुरू करण्याआधी झोपेची तपासणी करा, हेही होतं. लेख लांबला, हे मान्य. पण आहारतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षं ही मुलं पाहणाऱ्याची लाज काढण्याआधी तो लांब लेख निदान संपवायचा तरी!

वळणाचंच बोलू. हे मूल जन्मतः लुळं असतं. रडणं क्षीण, दूध ओढायला ताकद नाही, त्यामुळे बऱ्याचदा नाकातून नळी घालावी लागते. दोन वर्षांनंतर खाणं फारसं न वाढताही वजन चढू लागतं आणि आठ वर्षांच्या आसपास पोट भरल्याची जाणीवच उरत नाही. पंधराव्या गुणसूत्रावरचा वडिलांकडून येणारा भाग काम करत नसतो, म्हणून मेंदूकडून ‘पुरे’ असा निरोप येत नाही. नळीने दूध घेणाऱ्या बाळाचे कसले लाड झाले म्हणता?

आता कुलूप. ही मुलं कच्ची कणीक खातात, कचऱ्यातलंही खातात. उलटी क्वचितच होते, दुखणं उशिरा जाणवतं. एकदम भरमसाट खाल्लं तर जठर फाटून जीव जाऊ शकतो. म्हणून अशा मुलाला उलटी झाली तर ओवा चघळायला देत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा. जेवणाच्या वेळा भिंतीवर लावा, ताट आतूनच वाढून आणा, पातेलं पानाजवळ नको. मधल्या वेळी काही मिळणारच नाही, हे पक्कं कळलं की चिडचिड उलट कमी होते. ‘एक पेढा दे गं, काय होतंय’ म्हणणारी मावशी आठवड्याची घडी विसकटून जाते. तुम्ही त्याच मावशीची बाजू घेताय.

मोठेपणी मधुमेह, झोपेत श्वास अडणं, ठिसूळ हाडं, कातडी खरवडण्याची सवय. भूक मात्र तशीच, त्यामुळे तिशीतही चावी बहुधा दुसऱ्याकडेच असते.

कुणाच्या घरात असं लुळं बाळ असेल तर डीएनए मिथायलेशन चाचणी मागा; वडिलांकडचा तो भाग चालू आहे की नाही, हे ती सांगते. गुणसूत्राचा तुकडा गळाला आहे का, एवढंच पाहणारी फिश चाचणी नॉर्मल आली म्हणून थांबू नका. पंधराव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती आईकडून आलेल्या असतील तर फिश हा आजार पकडत नाही.