लेंथ १४ केली म्हणजे ७/८ झालं नाही, हे मान्य. पण पुढचं मान्य नाही

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया आल्या आल्या उत्तर द्यायला बसलो होतो, पण पहिल्यांदा वाचून राग आला आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं की यातलं निम्मं बरोबर आहे, म्हणून चार दिवस थांबलो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी लेखात लिहिलं होतं की हार्डवेअर सिक्वेन्सरवर, म्हणजे बटणं लावून ताल भरायच्या डब्यावर, ७/८ (सात मात्रांचा ताल) वाजवायचं तर पॅटर्नची लेंथ १६ खान्यांवरून (स्टेपवरून) १४ करा, झालं काम. तुमचं म्हणणं, लांबी कमी केली म्हणजे ताल होत नाही, हे डबे मुळात सोळा खान्यांसाठी बनलेत मशीनला काही कळत नाही, त्यामुळे त्यातून विषम ताल लंगडा आणि रोबोटसारखाच ऐकू येणार, आणि लाइव्ह करायचंच असेल तर लॅपटॉप घ्या नाहीतर सरळ ड्रमरला वाजवू द्या. शिवाय शेवटी विचारलंत की माझा ड्रमर नक्की कुठला ठोका कानात ऐकून वाजवतो.

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि "झालं काम" हे शब्द मी लिहायला नको होते. १४ स्टेप म्हणजे फक्त जागा, एका मात्रेला दोन स्टेप. त्या जागेत २+२+३ आहे, ३+२+२ आहे का २+३+२ आहे हे मशीनला माहीतच नसतं, ते आपणच सांगायचं असतं. किक (पायाच्या मोठ्या ड्रमचा ठोका) १, ५, ९ वर ठेवली तर २+२+३. तीच किक १, ७, ११ वर नेली तर ३+२+२, म्हणजे आपल्या रूपकाचे खंड. आणि १, ५, ११ वर ठेवली तर २+३+२. हायहॅट (झांजेचा ठोका) तिन्हीकडे तोच, एक सोडून एक स्टेप, त्याला हात पण लावायचा नाही, आणि तरीही ऐकणाऱ्याचं शरीर तिन्ही वेळा वेगळं हलतं. मी लेखात नुसती लांबी सांगितली आणि हे गट सांगितलेच नाहीत, म्हणजे नवख्या माणसाने तो वाचून ४/४ चा बीट शेवटी दोन स्टेप कापून वाजवला असणार, आणि तो लंगडाच लागणार, यात काही वाद नाही.

पण यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात की दोष डब्याचा, तिथे माझं पटत नाही. ७/८ चे गट बदलताना मी करतो काय, ५ आणि ९ ची बटणं विझवतो, ७ आणि ११ ची लावतो. चार बटणं, डोळ्यासमोर, दोन्ही हात मोकळे, ड्रमरकडे बघत बघत. एका आवर्तनात २+२+३ चं ३+२+२ होतं, आणि मध्ये दोनच बटणं बदलून झाली असतील तर एखादं आवर्तन भलतंच काहीतरी येतं, कधी कधी तेच सगळ्यात छान लागतं. लॅपटॉपवर हे होत नाही असं नाही, पण माऊसने चार नोट सरकवेपर्यंत तो क्षण गेलेला असतो. कंट्रोलर जोडून होईल म्हणाल तर मग आपण परत बटणांच्या डब्यावरच आलो की.

आणि सोळा खान्यांचं म्हणाल तर तेही अर्धंच खरंय. समोर १६ बटणं असतात हे खरं, पण १९८८ च्या अकाईच्या एमपीसी ६० या डब्यावर सुद्धा सिक्वेन्सला हवी ती टाइम सिग्नेचर (४/४, ७/८ असं तालाचं माप) देता यायची. कॉर्गच्या छोट्या व्होल्का बीट्सवर १६ च्या पुढे स्टेप नाहीत, पण त्यात अॅक्टिव्ह स्टेप नावाची सोय आहे, नको त्या स्टेप बंद केल्या की मशीन ते खाने वगळूनच पुढे जातं, दोन बंद करा, १४ उरतात. इलेक्ट्रॉन कंपनीच्या डिजिटॅक्टवर तर प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते. तिथे मात्र एक सापळा आहे जो लेखात राहून गेला. ट्रॅकची लेंथ १४ केली आणि मास्टर लेंथ (जितक्या स्टेपनंतर सगळे ट्रॅक पुन्हा एकवर येतात ती) ६४ वर राहिली तर चार आवर्तनं नीट वाजतात, ५६ स्टेप होतात, आणि पाचवं आठव्या स्टेपला कापलं जाऊन सगळं पुन्हा एकवर येतं. घरी हेडफोनवर हे सहज निसटतं कारण आपण तीनचार आवर्तनं ऐकून खूश होऊन दुसऱ्या ट्रॅककडे वळलेलो असतो. मास्टर ५६ ठेवा, नाहीतर ११२.

११२ का, ते एका फजितीतून शिकलो, आणि "मशीनला काही कळत नाही" हे तुमचं वाक्य वाचून तीच आठवली. दोन डबे होते, एकावर ड्रम, दुसऱ्यावर बेस, मिडी क्लॉकने (दोन डब्यांचा वेग एक ठेवणारा सिग्नल) जोडलेले. ड्रमचा पॅटर्न १४ चा, आणि बेसचा मी आदल्या दिवशी काहीतरी करताना १६ वर ठेवून विसरलो. सुरू केलं, पहिलं आवर्तन बरोबर, दुसऱ्याला बेस दोन स्टेप मागे, तिसऱ्याला चार. ड्रमरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो आपल्या सातवर घट्ट बसून राहिला, त्याचे उपकार आहेत. थांबवणं शक्य नव्हतं. मग डोकं चाललं की १४ आणि १६ कुठेतरी एकत्र येणारच, १४ ची आठ आवर्तनं म्हणजे ११२, १६ ची सात म्हणजे पण ११२. टेम्पो १२० चा होता, म्हणजे फेरी १४ सेकंदांची. बेस म्यूट केला, ड्रमची आवर्तनं मोजायला लागलो, आठ पूर्ण होऊन दोघं समेवर एकत्र आले आणि बेसचा प्लेहेड (वाजत्या स्टेपवर पुढे सरकणारा दिवा) पंधराव्या खान्यात जायच्या आत लेंथ १४ केली. लागला. मग म्यूट काढला. ते १४ सेकंद फार लांब होते पण त्या दिवसापासून मी स्टेजवर जायच्या आधी दोन्ही डब्यांची लांबी बोट ठेवून वाचतो.

यात मशीनचा दोष होता का? नव्हता. मिडी क्लॉक दर क्वार्टर नोटला २४ टिक पाठवतो आणि तेवढंच. ४/४ चा बार म्हणजे ९६ टिक, ७/८ चा ८४, पण बार कुठे संपला हे क्लॉक सांगतच नाही, स्टार्ट आला की प्रत्येक डबा आपापलं मोजत सुटतो. त्यामुळे विषम तालात सम सांभाळणं ही वाजवणाऱ्याचीच जबाबदारी राहते आणि मला ते आवडतं, खरंच आवडतं, कारण त्यामुळे मला सतत ऐकत राहावं लागतं. रूपकात सम खालीच्या मात्रेवर, म्हणजे बिनजोराच्या जागी येते हे तुम्हाला माहीत असणारच. तसं करून बघा, एकवरची किक काढून टाका आणि फक्त ७, ११ वर ठेवा, मग मशीनसोबत वाजवताना सम मनातच धरावी लागते.

स्विंगबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत पण सांगून टाकतो कारण लंगडं वाटण्याचं एक कारण तिथेही असतं. स्विंग सम आकड्याच्या स्टेप उशिरा करतो. १४ ला काही अडचण नाही. पण १५ किंवा ७ स्टेपचा पॅटर्न असेल तर ज्या मशीनवर स्विंग सलग क्लॉकवर मोजला जातो तिथे दर आवर्तनाला तो उलटतो, आधी सरळ असलेली स्टेप पुढच्या वेळी मागे पडते. अशा वेळी मी स्विंग बंदच ठेवतो आणि एकेक ठोका मायक्रो टायमिंगने, म्हणजे स्टेपच्या आतल्या आत किंचित मागेपुढे, हाताने सरकवतो. डिजिटॅक्टवर एका स्टेपचे २४ बारीक भाग असतात, १२० च्या टेम्पोला एक भाग साधारण ५ मिलिसेकंद. २+२+३ मधल्या तीनच्या गटाची शेवटची हायहॅट तीन भाग मागे ढकला, १५-१६ मिलिसेकंद, बस एवढंच, आणि तो गट जरा श्वास घेतो. रोबोटसारखं वाटतं ही तुमची तक्रार बरीचशी इथेच मिटेल असं मला वाटतं. सगळी नाही, चांगल्या ड्रमरचा हात तो वेगळाच.

लॅपटॉपच्या बाजूने एक गोष्ट नक्की आहे. रचना पूर्ण लिहिलेली असेल, दर बारला ताल बदलत असेल, ५ मग ७ मग ४ मग ११, तर मीही लॅपटॉपच उघडेन, डब्यावर एकामागून एक पॅटर्नच्या चेन लावत बसणं फार कटकटीचं आहे. पण एकाच तालात दहा मिनिटं राहून त्याच्या पोटात शिरायचं असेल तर डबा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मशीनचा आतला मेट्रोनोम मी ड्रमरला कधीच देत नाही, बऱ्याच डब्यांवर तो चारचाच ठोका धरून चालतो आणि सातमध्ये त्याचा जोर दर वेळी भलतीकडे पडतो. त्याऐवजी एक ट्रॅक फक्त क्लिकसाठी राखून ठेवतो, समेवर काउबेल, बाकी गट जिथे सुरू होतात तिथे रिमशॉट, आणि तो ट्रॅक वेगळ्या आउटपुटमधून फक्त त्याच्या कानात. ११/८ ला २+२+३+२+२ असेल तर १ वर काउबेल आणि ५, ९, १५, १९ वर रिम, लेंथ २२. बटणं १६ च, त्यामुळे पुढच्या स्टेप डब्याच्या दुसऱ्या पानावर जातात, बघायला त्रास होतो, म्हणून ज्या मशीनवर ट्रॅकचा स्पीड अर्धा करता येतो तिथे तो अर्धा करून ११ च स्टेप ठेवतो, मग १, ३, ५, ८, १०, सगळं एका ओळीत. मी गट बदलला की क्लिकची बटणंही बदलतो, किकच्या एक आवर्तन आधी, म्हणजे काय येतंय ते त्याला आधी कळतं. लेखातलं ते "झालं काम" आजच काढतो आणि गटांचे आकडे तिथे टाकतो.